लिहायला शिकवणार कोण? कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठांचे माननीय कुलगुरू



पीएच.डी.चा प्रबंध घेऊन विद्यार्थी खिडकीवर येतो, तेव्हा विद्यापीठ त्याच्याकडे बरेच काही मागते. मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र, स्वतःचे प्रतिज्ञापत्र, ग्रंथालयाचे नो-ड्यूज, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढवायची पीडीएफ आणि सगळ्यांत महत्त्वाचा तो प्लॅगरिझमचा अहवाल. मागण्यात गैर काही नाही. पण या विद्यार्थ्याला दोन-तीनशे पाने सलग, मुद्देसूद आणि स्वतःच्या शब्दांत लिहिता यावीत म्हणून विद्यापीठाने त्याला काय दिले, असा उलटा प्रश्न कोणी विचारला, तर त्या खिडकीमागच्या कोणत्याही फाइलमध्ये उत्तर सापडणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे. लेखन आपण मागतो, तपासतो, त्यात खोट सापडली तर शिक्षा करतो. शिकवत मात्र नाही. आणि जे विद्यापीठात शिकवले जात नाही, ते विद्यापीठाच्या फाटकाबाहेर विकत मिळते.

आधी शिक्षेबद्दल, कारण तिथे आपली व्यवस्था कमालीची तपशीलवार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे विनियम जुलै 2018 पासून लागू आहेत. दुसऱ्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर चालते. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा. 40 ते 60 असेल तर वर्षभर प्रबंध देताच येत नाही. 60 च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. सलग 14 शब्दांपर्यंतचे साम्य मोजायचे नाही, इतका बारकावाही त्यात आहे. तपासायला सॉफ्टवेअर लागते, म्हणून आयोगाच्याच इन्फ्लिबनेट या केंद्राच्या 'शोधशुद्धी' योजनेतून 2019 पासून तेही विद्यापीठांना मिळाले. आधी उरकुंड होते, पुढे ड्रिलबिट आले. याच विनियमांत आणखी एक कलम आहे, ते फारसे कोणी वाचलेले दिसत नाही. संस्थेने दर सत्रात विद्यार्थी, संशोधक आणि प्राध्यापक यांच्यासाठी या विषयावर जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, असे ते सांगते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एक व्याख्यान होते, एक हार होतो आणि बॅनरसह फोटो निघतो.

आपण म्हणाल, अभ्यासक्रम आहे की. आयोगाने 2019 मध्ये पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये 'संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता' हा 2 श्रेयांकांचा, 30 तासांचा विषय सक्तीचा केला. त्याचे सहा घटक एकदा उघडून पाहावेत, अशी विनंती आहे. तत्त्वज्ञान व नीतिशास्त्र, वैज्ञानिक वर्तन, प्रकाशनाची नीतिमत्ता, मुक्त प्रकाशन, प्रकाशनातले गैरप्रकार आणि डेटाबेस व संशोधनाची मोजमापे. चोरी कशाला म्हणतात, हे विद्यार्थ्याला कळते. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर कसा काढतात, हेही कळते. पण दुसऱ्याचा युक्तिवाद आपल्या परिच्छेदात कसा आणायचा, त्याचे म्हणणे कुठे संपते आणि आपले कुठे सुरू होते हे वाचकाला कसे दाखवायचे, आधीच्या संशोधनाचा आढावा घेताना 'अमुक यांच्या मते' अशा वाक्यांची माळ न लावता वाद कसा मांडायचा, याला या 30 तासांत घटक म्हणून जागा नाही. वाङ्मयचौर्याची निम्मी प्रकरणे चोरीच्या हेतूपेक्षा या अडाणीपणातून होत असावीत, असा माझा अंदाज आहे. ज्याला सारांश करता येत नाही, तो उतरवून काढतो.

अहवालात आकडा वाढून आला की तो विद्यार्थी कुठे जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. जवळपास प्रत्येक विद्यापीठाच्या आसपास डीटीपी आणि बाइंडिंगची दुकाने असतात, आणि त्यांतल्या काहींच्या पाटीवर किंवा व्हॉट्सॲपच्या जाहिरातीत 'प्लॅगरिझम कमी करून मिळेल' ही ओळ असते. तिथले तंत्र अगदी साधे. शब्द बदलायचे, वाक्य उलटेपालटे करायचे, पुन्हा यंत्रात घालायचे. 'ऊसतोड कामगारांचे हंगामी स्थलांतर' याचे 'इक्षुछेदक श्रमिकांचे मोसमी देशांतर' होते. यंत्र खूश, कारण सलग शब्द जुळत नाहीत. वाचणारा मात्र बुचकळ्यात, कारण मराठवाड्यातला एकही माणूस असे बोलत नाही आणि समाजशास्त्रातही ही संज्ञा कोणी वापरत नाही. चोरी होती ती होतीच, आता ती दिसेनाशी झाली आणि वर भाषाही बिघडली. हाच प्रबंध पुढे शोधगंगेवर आपल्या विद्यापीठाच्या नावाने कायमचा राहतो. ज्यांना दुसऱ्याचे प्रबंध वाचावे लागतात, त्यांनी अशी पाने पुष्कळ पाहिली आहेत.

शोधनिबंधांचे तेच झाले. 2016 च्या विनियमांनी पीएच.डी.साठी किमान एक निबंध प्रसिद्ध करणे आणि परिषदांत दोन वाचणे बंधनकारक केले. निबंध कसा लिहायचा, हे सांगणारी सोय त्याबरोबर आली नाही. पैसे भरले की छापून देणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले, आणि मे 2018 मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून 4,305 नियतकालिके काढून टाकावी लागली. मग निवडक नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आली, तीही 2025 मध्ये गुंडाळली गेली. मधल्या काळात, 2022 च्या विनियमांत, निबंधाची सक्तीच निघाली. यादी करून पाहिली, यादी मोडून पाहिली, सक्ती लावून पाहिली, काढूनही पाहिली. लिहायला शिकवून पाहणे तेवढे राहिले आहे.

हे करण्याची एक पद्धत अमेरिकेतल्या विद्यापीठांत चांगली रुळलेली आहे. तिला तिथे 'रायटिंग सेंटर' म्हणतात, आपण लेखन केंद्र म्हणू. आयोवा विद्यापीठात 1930 च्या दशकातच लेखनाची प्रयोगशाळा होती. पर्ड्यू विद्यापीठाची 1976 मध्ये सुरू झाली. तिने 1994 मध्ये इंटरनेटवर ठेवलेले लेखनसाहित्य आज जगभरचे विद्यार्थी फुकट वापरतात. त्यात आपलेही आले. पद्धत अशी की विद्यार्थी वेळ ठरवून आपला कच्चा खर्डा घेऊन जातो. समोर बसणारा बहुधा त्याच विद्यापीठातला, पण प्रशिक्षण घेतलेला दुसरा विद्यार्थी असतो. अर्धा ते पाऊण तास दोघे तो मजकूर वाचतात, पुष्कळदा विद्यार्थ्यालाच मोठ्याने वाचायला लावतात. गुण दिले जात नाहीत. पेन शक्यतो लिहिणाऱ्याच्याच हातात राहते. स्टीफन नॉर्थ यांनी 1984 मध्ये 'कॉलेज इंग्लिश' या नियतकालिकात या केंद्रांवर एक गाजलेला लेख लिहिला. लेखन केंद्र म्हणजे व्याकरणाच्या चुका दुरुस्त करायचे गॅरेज, असे समजणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांवर वैतागून त्यांनी तो लिहिला होता. केंद्राने हातातला कागद सुधारण्यापेक्षा लिहिणारा माणूस सुधारावा, हे त्यांचे सूत्र होते. दहा वर्षांनी त्यांनीच आपल्या काही ठाम विधानांना मुरड घातली, तेही बरेच झाले. कारण नुसते प्रश्न विचारत राहायचे आणि काहीच सांगायचे नाही, ही रीत ज्याला घरात किंवा शाळेत या लेखनाचे नियम कधी कळलेच नाहीत त्याच्यावर अन्याय करते, अशी टीका तिथेच झाली आहे. आपल्याकडे ती टीका पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी लागेल.

त्या पाऊण तासात काय होऊ शकते, याचे एक कल्पित पण ओळखीचे उदाहरण घेऊ. समजा, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावरचा प्रबंध आहे. पहिल्या प्रकरणाचे पहिले वाक्य अर्थातच 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' हे असते. मग शिक्षणाच्या सात विचारवंतांनी केलेल्या सात व्याख्या, मग साखर उद्योगाचा इतिहास, आणि अकराव्या पानावर बीड. समोरचा म्हणतो, कागद बाजूला ठेव, तुला काय सापडलं ते तोंडी सांग. विद्यार्थी सांगतो, 'कोयतं उचल घेतल्याशिवाय निघत नाही. उचल घेतली की मुकादम म्हणेल तेव्हा निघावं लागतं, मग पोरं दिवाळीनंतर शाळेत नसतातच. ती परत येतात तोवर वर्ष संपलेलं. पण पटावरचं नाव कोणी काढत नाही. त्यामुळं कागदावर गळती दिसत नाही.' (कोयतं म्हणजे ऊस तोडणारी जोडी, उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, मुकादम म्हणजे टोळी नेणारा कंत्राटदार.) हा प्रबंधाचा गाभा आहे. पटसंख्या आणि हजेरी यांतली ही फट कर्जाच्या व्यवहारातून येते, असा त्याचा दावा आहे, आणि तो अख्ख्या खर्ड्यात कुठेही एका वाक्यात लिहिलेला नाही. 'हेच लिही, आणि पहिल्याच पानावर लिही' एवढे सांगणारा माणूस त्या विद्यार्थ्याला भेटायला हवा होता. मग कोणत्या व्याख्या लागतील आणि कोणत्या कात्री लावून फेकायच्या, हे त्याचे त्याला कळू लागते. आणि उचल, कोयता, मुकादम हे शब्द जसेच्या तसे ठेवून त्यांचा अर्थ एकदा नीट सांगितला, तर पानही त्याचे स्वतःचे होते आणि साम्याचा आकडाही आपोआप उतरतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की हे काम मार्गदर्शकाचे आहे. आहेच. पण 2022 च्या विनियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात. त्यावर तासिका, परीक्षा, नॅक मूल्यांकनाच्या फाइली, आणि विभागातल्या रिकाम्या जागांमुळे अंगावर आलेली दुसऱ्याची कामे. अशा माणसाने प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रत्येक प्रकरण ओळ न् ओळ वाचावे, ही अपेक्षा कागदावरच राहते. शिवाय मार्गदर्शकाची सही लागते. प्रगती अहवाल त्याच्या हातून जातो. ज्याच्या सहीवर आपली पदवी अडलेली आहे, त्याला आपला अर्धाकच्चा, गोंधळलेला खर्डा दाखवायला कोण धजावेल? विद्यार्थी बरे दिसेल तेवढेच दाखवतो, आणि बरे दिसण्यासाठी मग उतरवून काढतो. तिसरे कारण अवघड जागेचे आहे, पण सांगायला हवे. मार्गदर्शकांनाही लिहायला कोणी शिकवलेले नसते. ते जसे धडपडत शिकले तसेच विद्यार्थ्यानेही शिकावे, ही आपल्याकडची परंपरा झाली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मदत कुठे संपते आणि दुसऱ्याने लिहून देणे कुठे सुरू होते? ही रेघ बारीक आहे, हे मला मान्य आहे. विद्यार्थी 'एकदा इंग्रजी तेवढं नीट करून द्या' म्हणणार, आणि नवखा सहायक दयेपोटी अख्खे पान लिहून देणार, हे होऊ शकते. म्हणूनच नियम लेखी हवेत आणि ते भिंतीवर लावलेले हवेत. केंद्रात कोणी दुसऱ्याचे वाक्य लिहून देणार नाही. एक चूक समजावून सांगितली की तशा बाकीच्या विद्यार्थ्याने स्वतः शोधायच्या. प्रत्येक भेटीची दोन ओळींची नोंद राहील. पण या आक्षेपामागे एक गृहीत आहे, की आज कोणतीही मदत न घेता प्रबंध लिहिले जातात. तसे नाही. ज्याचा भाऊ प्राध्यापक आहे त्याला घरात मदत मिळते, ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला दुकानात मिळते, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याला दंड मिळतो. उघड्यावर, नियमांत बसवून दिलेली मदत ही लपून घेतलेल्या मदतीपेक्षा अधिक प्रामाणिक असते.

आता चॅटजीपीटी आहे, केंद्र कशाला, असेही विचारले जाते. यंत्र वाक्य गुळगुळीत करून देते, यात वाद नाही. वरच्या उदाहरणातले 'कृषिप्रधान देश' ते अधिक सुबक करून देईल, आणि न मागता तीन संदर्भही चिकटवेल, त्यातला एखादा अस्तित्वातच नसेल. पण 'तुला काय सापडलं' हे विचारून उत्तर येईपर्यंत थांबणे, आणि उत्तर देताना विद्यार्थी अडखळला तर नेमका कुठे अडखळला ते पाहणे, हे माणसाचे काम आहे. शिवाय यंत्राची मदत कितपत चालेल आणि ती कशी नमूद करायची, हा प्रश्न आज प्रत्येक संशोधकाच्या डोक्यात आहे आणि तो विचारायची सुरक्षित जागा विद्यापीठात नाही. शिस्तपालन समितीपुढे जाऊन कोणी शंका विचारत नाही.

आपल्या राज्यातली अनेक मुले दरवर्षी एम.एस. किंवा पीएच.डी.साठी अमेरिकेला जातात. तिथे फीमध्येच ही सोय असते आणि केंद्रात जाण्यात कमीपणा मानला जात नाही. भारतातही अशोका विद्यापीठासारख्या खासगी, महागड्या संस्थेत लेखन केंद्र आहे. म्हणजे ज्यांना चांगल्या शाळांचा, इंग्रजीचा, घरातल्या पुस्तकांचा आधार मुळातच होता, त्यांना लेखनाचा आधारही मिळतो. नांदेड, गडचिरोली किंवा जळगावच्या विद्यापीठात घराण्यातली पहिली पदवी घेणारी जी मुले बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपवर संशोधनाला येतात, त्यांना तो मिळत नाही. सरकारी विद्यापीठाला हे जमत नाही, असेही नाही. जेएनयूमध्ये विद्यार्थ्यांच्या इंग्रजीसाठी भाषिक सक्षमीकरणाचा स्वतंत्र कक्ष आहे. तो पूर्ण लेखन केंद्र म्हणता येणार नाही, पण ही जबाबदारी विद्यापीठाची आहे, एवढे तरी त्यात मान्य केलेले आहे.

इंग्रजी विभागाला हे काम देऊन मोकळे व्हावे, असा मोह होईल. कृपया तसे करू नका. प्रश्न इंग्रजीपुरता नाही. इतिहास, समाजशास्त्र, मराठी, राज्यशास्त्र या विषयांचे किती तरी प्रबंध मराठीत लिहिले जातात, आणि मराठीत लिहिणाऱ्याला आपण शुद्धलेखनाच्या 18 नियमांपलीकडे काही दिलेले नाही. तळटीप कशी द्यावी, मुलाखतीतली बोली प्रबंधात कशी उतरवावी, परिभाषा कोशातला शब्द केव्हा घ्यावा आणि केव्हा रूढ इंग्रजी शब्दच ठेवावा, याची चर्चा करायला मराठीच्या संशोधकाने जायचे कुठे? ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले. मराठीतले पहिले लेखन केंद्र तिथे उभे राहिले, तर शोभून दिसेल.

खर्चाचे म्हणाल, तर नवी पदे मागण्याचा माझा इरादा नाही. त्या मागणीचे काय होते ते आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. 2022 च्या विनियमांत दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याने अध्यापन, अध्यापनशास्त्र किंवा लेखन यांचे प्रशिक्षण घ्यायचे आहे, आणि त्याला आठवड्याला 4 ते 6 तासांचे अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम देता येते. या दोन्हींची सांगड घालून विद्यापीठ दहा-बारा ज्येष्ठ संशोधकांना प्रशिक्षण देऊ शकते आणि त्यांचे ते तास लेखन केंद्रात लावू शकते. ज्या विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' योजना आहे, तिथे बागकाम आणि कार्यालयातल्या कामांच्या यादीत एक काम वाढवता येईल. ही योजना रुजवणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाला ते साजेसेच होईल. जागा म्हणून ग्रंथालयातली एक खोली, चार टेबले, आणि वेळ नोंदवायला एक वही पुरेल. केंद्राची जबाबदारी मात्र एका पूर्णवेळ प्राध्यापकाकडे हवी, आणि तिचा कार्यभार तासिकांत धरला जायला हवा. हे जमले नाही, तर बाकी सगळे जमूनही केंद्र वर्षभरात बंद पडेल.

आणखी दोन मागण्या आहेत. पहिली, केंद्र विद्यार्थ्याच्या विश्वासाचे राहावे. केंद्रात येणे सक्तीचे करू नका, आणि आकडा वाढून आलेल्या विद्यार्थ्याला शिक्षा म्हणून तिथे पाठवू नका. तसे झाले की केंद्र म्हणजे नापासांची खोली ठरेल आणि हुशार मुले तिकडे फिरकणार नाहीत. भेटींच्या नोंदी मार्गदर्शकाला किंवा विभागाला द्यायच्या नाहीत. विद्यार्थ्याने स्वतः दाखवल्या तर त्याची मर्जी. दुसरी मागणी वेळेची आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर वर्गात संशोधन प्रकल्प आले आहेत, आणि चार वर्षांच्या पदवीत 'ऑनर्स विथ रिसर्च' घेणाऱ्याला चौथ्या वर्षी 12 श्रेयांकांचा प्रकल्प लिहायचा आहे. आजवर हा प्रश्न काही हजार पीएच.डी. विद्यार्थ्यांचा होता, आता तो तालुक्याच्या कॉलेजातल्या विशीतल्या मुलांपर्यंत पोहोचतो आहे. त्यांचे प्रकल्प यायला लागले की फाटकाबाहेरचे दुकान दुसरा कॉम्प्युटर घेईल.

तेव्हा पुढच्या कोर्सवर्कची तुकडी बसण्याआधी निदान एका विद्यापीठाने ही खोली उघडावी. उद्घाटन केले नाही तरी चालेल. वर्षअखेरीला किती जण आले, कोणत्या विषयांचे आले आणि कशासाठी आले, एवढे एका पानावर जाहीर करावे. ते पान नॅकच्या फाइलीत लावायलाही हरकत नाही.

आपला नम्र,
शोधप्रबंधांचा एक वाचक